तिसरी प्रत तुमच्याकडे

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

तुमचा मेसेज मिळाला. दोन महिने फिरायचं आणि लॅपटॉप नाही, मग फोटो ठेवतेस कुठे, असं विचारलंत. फोनवर सांगायला गेले तर मध्येच रेंज गेली. म्हणून लिहूनच पाठवते. शिवाय तुमच्याकडून एक काम हवं आहे, ते घाईच्या बोलण्यात राहून गेलं असतं.

सामान म्हणजे पाठीवरची एक सॅक, सात किलोची. त्यात फोटोंसाठी फोन, छोटा कॅमेरा, कार्ड रीडर, मेमरी कार्डं आणि एक टीबीची एसएसडी, म्हणजे फोटो साठवायची छोटी डिस्क. ही एसएसडी काड्यापेटीहून जराशी मोठी आणि साठ ग्रॅमच्या आतली. तिच्यात फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे सॅक आपटली तर घरातल्या जुन्या हार्ड डिस्कइतका जीव खालीवर होत नाही. ती केबलने थेट फोनला जोडता येते. निघण्याआधी एक्सफॅट नावाच्या पद्धतीने फॉरमॅट करून आणली, म्हणजे विंडोज असो, मॅक असो की माझा फोन, कुठेही उघडते.

आता जे घडलं ते सांगते. आईला काळजी वाटेल म्हणून तेव्हा बोलले नव्हते.

निघताना माझ्याकडे ६४ जीबीचं एकच कार्ड होतं. दर तीन-चार दिवसांनी कार्डावरचे फोटो एसएसडीवर घ्यायचे आणि कार्ड पुसून पुन्हा वापरायचं, असं ठरवलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एका रात्री ३४० फोटो कॉपी करायला लावले. यादीत सगळी नावं दिसली, झालं असं समजून केबल ओढली आणि कॅमेऱ्यात कार्ड फॉरमॅट केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एसएसडीवरचे फोटो उघडून पाहिले तर बरेचसे वरून थोडे दिसत होते आणि खाली नुसता राखाडी पट्टा. काही उघडेचनात. फाइलचं नाव आधी लिहिलं जातं, आतला मजकूर मागून येतो. मी ‘इजेक्ट’ न करता, म्हणजे डिस्क काढतेय हे फोनला आधी न सांगता, केबल काढली आणि मागून येणारं बरंच काही वाटेतच राहिलं.

मुक्कामावर एका मुलीकडे लॅपटॉप होता. तिने फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. कॅमेऱ्यात फॉरमॅट केलं तरी सहसा फक्त यादी पुसली जाते. खरे फोटो कार्डावर तसेच पडून असतात, त्या जागेवर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. पण त्या सकाळी मी पन्नासेक फोटो काढून बसले होते. ३४० पैकी २९० परत मिळाले, मूळ नावं गेलेली. बाकीचे माझ्याच नव्या फोटोंखाली गेले. रिकाम्या कार्डावर नवे फोटो पहिल्या जागेपासून बसत जातात, म्हणून गेले तेही नेमके सगळ्यांत आधीचे. त्यांत तळ्याकाठी होडी दुरुस्त करणारे एक आजोबा होते. दीड तास त्यांनी मला शेजारी बसवून काम दाखवलं, लाकडावर हात कसा ठेवायचा ते दाखवलं. त्यांच्या मुलीकडे फोटो पाठवते म्हणून मी शब्द दिला होता. तो पाळता आला नाही, बाबा. फार लागलं मनाला.

त्या रात्री आपल्या आजीची आठवण झाली. तिची शेवटची चार वर्षं दादाच्या एकट्या फोनमध्ये होती. तो फोन बंद पडला आणि ती कुठेच उरली नाही. तुम्ही तेव्हा म्हणालात, गेलं ते गेलं. मला मात्र अजून तसं म्हणता येत नाही. तिचा आवाज असलेला एकही व्हिडिओ आपल्याकडे नाही.

दुसऱ्याच दिवशी आणखी दोन कार्डं घेतली. माझे फोन आणि कॅमेऱ्याचे मिळून रोज सुमारे दोन जीबी होतात, म्हणजे दोन महिन्यांचे सव्वाशेच्या आसपास. तीन कार्डांची जागा १९२ जीबी. सगळा प्रवास कार्डांवरच मावतो, मग पुसायचं कशाला? आता घरी येईपर्यंत एकही कार्ड पुसणार नाही. भरलेल्या कार्डाच्या कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’कडे सरकवते, म्हणजे चुकून त्यावर काही लिहिलं जात नाही. व्हिडिओही ४केवरून १०८०च्या, म्हणजे कमी बारकाव्याच्या आणि कमी जागेच्या सेटिंगवर आणले. ४केचा एक मिनिट सेटिंगप्रमाणे दीडशे-दोनशे एमबीपासून चारशेपर्यंत जातो, आणि आपल्याला तो शेवटी फोनवरच पाहायचा असतो.

रोज रात्री फोन चार्जिंगला लावला की दिवसाचे फोटो एसएसडीवर उतरवते, तारखेच्या फोल्डरमध्ये. मग आकडा जुळवते, इजेक्ट करते, पुन्हा जोडते आणि पहिला, मधला, शेवटचा असे काही फोटो पूर्ण मोठे करून पाहते. छोटं चित्र दिसलं म्हणजे फोटो आला असं नाही, हे आता कळलं आहे. दहा मिनिटं जातात. दमलेली असले तरी ती देते. मग एसएसडी सॅकमध्ये आणि भरलेली कार्डं कमरेच्या पट्ट्यात. दोन्ही एकाच पिशवीत ठेवली तर पिशवी गेल्यावर दोन प्रती असून काय उपयोग? आईला सांगा, विमानतळावरच्या एक्स-रेने कार्डांना काही होत नाही. ती भीती फिल्मच्या रिळांची होती.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने ३-२-१ असा एक नियम रूढ केला. प्रती तीन, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. पहिल्या दोन माझ्या अंगावर आहेत. दुसरं ठिकाण म्हणजे क्लाउड, इंटरनेटवरची साठवण, असं मी आधी धरून चालले होते. पण त्यात दोन अडचणी आहेत.

एक म्हणजे वेग. इथल्या मुक्कामांवर वाय-फाय कधी चांगलं, कधी नुसतं नावाला. अपलोडचा वेग एक एमबीपीएस असेल तर दोन जीबी चढायला साडेचार तास लागतात. म्हणून त्या दिवसाचे पाहिजेच असलेले पन्नास-शंभर फोटो आधी मूळ आकारात चढवते, बाकीचे चांगलं नेट मिळेल त्या रात्री. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि ड्राइव्ह मिळून, म्हणून जादा जागा घेतली आहे.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती दादालाही नीट सांगा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो त्याच ॲपमधून डिलीट केला तर तो क्लाउडवरूनही जातो. कचऱ्यात ६० दिवस राहतो, मग कायमचा. आयफोनच्या आयक्लाउडचंही असंच, तिथे मुदत ३० दिवसांची. फोनवर फक्त जागा मोकळी करायची असेल तर गूगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं. दादा हाताने एकेक पुसत बसतो, त्याला आजच थांबवा. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकले म्हणजे राहिले, असंही धरू नका. तिथे फोटो आकसतो आणि त्यातली तारीख-जागेची माहितीही जाते. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

म्हणून तिसरी प्रत तुमच्याकडे हवी, बाबा. ड्राइव्हवरचं ‘प्रवास’ नावाचं फोल्डर तुमच्या मेलवर शेअर केलं आहे. दर रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर त्या आठवड्याची फोल्डरं डाउनलोड करा. ती झिप होऊन येतात, मोठं असेल तर दोन-तीन तुकड्यांत. ती उघडून हार्ड डिस्कवर ठेवा आणि मग हार्ड डिस्क काढून कपाटात. सारखी जोडून ठेवू नका. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर जोडलेली डिस्कही सापडते.

निघताना दिलेलं बंद पाकीट आठवतंय ना? त्यात माझ्या खात्याचे बॅकअप कोड आहेत. फोन हरवला तर ओटीपी त्या हरवलेल्या फोनवरच येणार, आणि फोटो क्लाउडवर सुरक्षित असूनही मला आत जाता येणार नाही. हे कोड तेव्हा लागतात, प्रत्येक एकदाच चालतो. तसलाच एक कागद माझ्याजवळही आहे, पण दोन्ही आपण एका जागी ठेवणार नाही. मी फोन करून मागितले तर आवाज ओळखल्याशिवाय वाचून दाखवू नका. मेसेजवर मागितले तर मुळीच देऊ नका.

होडीवाल्या आजोबांकडे परत जायचं ठरवलं आहे. परतीच्या वाटेत एक दिवस वाढवला, बसचं तिकीटही बदललं. या वेळी त्यांचा व्हिडिओ घेईन, आवाजासकट.

उद्या रात्री १४ तारखेचं फोल्डर चढवते. त्यात ९४ फोटो आणि तीन व्हिडिओ असायला हवेत. उतरवून झाले की मोजा, दोन-चार उघडून पाहा आणि आकडा कळवा. कमी भरले तरी लगेच सांगा, कार्ड अजून माझ्या कमरेला आहे.

आईला नमस्कार. दादाला सांगा, त्याचा जुना फोन टाकून देऊ नकोस. आल्यावर तो दुरुस्तीवाल्याकडे घेऊन जाणार आहे मी.

तुमची,
धाकटी