आवाज सहन होत नाही त्यांना फोनवर मराठीत मदत मिळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती, नवरात्र, लग्नसराई आली की तुमच्या पेपरात डीजेच्या आवाजावर पत्रं येतात आणि ती यायलाच हवीत, रहिवासी भागात दिवसा ५५ नि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे पण पाळतं कोण. मात्र काही जणांना जो त्रास होतो तो डेसिबलमध्ये मोजताच येत नाही, त्यांच्याबद्दल कुठंच काही छापून येत नाही म्हणून हे लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीला मिसोफोनिया आहे. जवळ बसून कुणी चिवडा खाल्ला, चहाचा भुरका मारला, नाक ओढलं की तिच्या छातीत धडधडायला लागतं, संताप अनावर होतो आणि ती भरल्या ताटावरून उठून जाते. हे नखरे नाहीत हो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या जास्त्रेबोफ दांपत्यानं याला नाव दिलं, २०२२ मध्ये तज्ज्ञांनी मिळून व्याख्याही ठरवली, पण आजारांच्या अधिकृत याद्यांत अजून वेगळी नोंद नाही त्यामुळे कितीतरी डॉक्टरांनी हे ऐकलेलंच नसतं. आम्हाला एका ठिकाणी चक्क "लग्न करून द्या, होईल नीट" असं सांगितलं! हायपरअक्युसिस म्हणजे परत वेगळं, त्यात कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट असले रोजचे आवाजच असह्य मोठे वाटतात, कानात दुखतं.

आता कराडहून पुण्याला जायचं म्हणजे एसटीत चार तास, शेजारचा मोबाईलवर रील्स लावून बसलेला, मागं कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलेलं, आणि दवाखान्यात पोचलं तर वेटिंगमध्ये टीव्ही चालू. समुपदेशकासमोर बसेपर्यंत पोरगी पार गळून गेलेली असायची, बोलणार काय? म्हणून आम्ही व्हिडिओ कॉलवर सेशन घ्यायला लागलो आणि खरंच फरक पडला. एकदा मॅडमनी आमच्या जेवणाच्या वेळेलाच कॉल ठेवला, कोण कुठं बसतं ते बघितलं आणि बाबांचा जबडा हलताना दिसणार नाही अशी तिची जागा बदलायला लावली (नुसतं बघूनसुद्धा त्रास होतो यात), फॅन चालू आणि मोबाईलवर पावसाचा आवाज बारीक लावून ठेवायला सांगितलं. दिवसभर कानात बोळे घालून बसू नकोस, त्यानं कान आणखी हळवे होतात, हेही त्यांनीच समजावलं. दवाखान्यात बसून आमचं जेवणाचं पान त्यांना कुठून दिसलं असतं?

पण ऑनलाइनचेही प्रश्न आहेत. हेडफोन लावला की समोरच्याचा आवंढा, पाण्याचा घोट, कीबोर्डची टकटक थेट कानात, त्यामुळे समुपदेशकानं माइक तोंडापासून लांब ठेवावा, मध्ये चहा घेऊ नये, आणि पेशंटला नको झालं की टाइप करून बोलायची सोय असावी. दुसरं, दोन खोल्यांच्या घरात ज्यांच्या खाण्याबद्दल बोलायचं ते पलीकडंच बसलेले असतात, माझी बहीण टेरेसवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बोलते. आणि कानाची तपासणी साउंडप्रूफ खोलीतच नीट होते, तेवढ्यासाठी एकदा समक्ष जायलाच लागतं.

हे सगळं आम्ही पैसे भरून केलं, सगळ्यांना कसं जमणार. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास आणि मराठीत. तिथं फोन उचलणाऱ्यांना मिसोफोनिया आणि हायपरअक्युसिस ओळखायचं ट्रेनिंग द्या, अशा पेशंटला दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं बघा आणि जिल्हा रुग्णालयात कानाच्या तपासणीची तारीख तिथूनच जोडून द्या, एवढी मागणी आहे. यावर औषधाची गोळी नाही, सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलायच्या थेरपीनं काहींना चांगला फरक पडतो, सगळ्यांना नाही, पण तिथपर्यंत पोचायला तर मिळू दे.

आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत एखाद्या ऑडिओलॉजिस्टला (म्हणजे ऐकण्याच्या तपासणीतल्या तज्ज्ञाला) नि सायकॉलॉजिस्टला यावर लिहायला सांगा, प्लीज. आमच्यासारखी आणखी घरं असणार, त्यांना याला काय म्हणतात हेसुद्धा माहीत नसेल.

आपली,
एक वाचक, कराड