पालकमंत्री महोदय, आमच्या वाडीचा रस्ता आरपार वाहतुकीला बंद करा

मा. पालकमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारी भरदुपारी माझ्या आईची बोरमाळ दोघा मोटारसायकलवाल्यांनी ओढून नेली. ती खळ्याच्या कडेला आमसुलं वाळत घालत होती. "आजी, बीचला हाच रस्ता ना?" ती हात करून दाखवतेय तोवर माळ गेली. मानेवर वळ उठलाय. घास गिळतानाही हात गळ्याकडे जातो.

गणपतीत आमच्या देवळात आपण शब्द दिला होतात: वाडीच्या तोंडाशी लोखंडी खांब लावू, बाहेरच्या गाड्या मुख्य रस्त्यानेच जातील. खांब आले नाहीत. उलट चिऱ्यांचे गडगे पाडून रस्ता रुंद केलात. आता शनिवार-रविवारी अख्खं पुणे-मुंबई मोबाईलवर मॅप बघत आमच्या दारावरून समुद्राला जातं.

"ट्रॅफिकचा आणि चोरीचा काय संबंध?" असं पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी विचारलं. संबंध असा, की पूर्वी बायका पायरीवर वाल सोलत बसायच्या, पोरं रस्त्यातच खेळायची. अनोळखी माणूस दिसला की चार घरांतून विचारणा व्हायची, "कोणाकडे आलात?" आता हॉर्न आणि धुळीपायी दारं बंद. येणारा प्रत्येकच अनोळखी, मग विचारणार कोणाला?

लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट या भागात गल्ल्यांतली आरपार वाहतूक बंद केली, तर रस्त्यावरचे गुन्हे 10 टक्क्यांनी घटले, तीन वर्षांनंतर 18 टक्क्यांनी. अमेरिकेत डेटन शहरातल्या फाइव्ह ओक्स वस्तीत 1990च्या दशकात गल्ल्यांना फाटकं लावली, तर हिंसक गुन्हे निम्म्यावर आले. लंडनला सायकलचोऱ्या तेवढ्या वाढल्या म्हणे. आम्हाला ती भीती नाही, रस्त्यावर सायकल काढायची पोरांची छातीच होत नाही.

कॅमेरा मात्र बसवलात, आभारी आहोत. तो नेमका आपल्या वाढदिवसाच्या बॅनरकडे तोंड करून आहे. चोर दिसले नाहीत, आपण हसताना स्वच्छ दिसता. पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याऐवजी साधा अर्ज घेतला. म्हणजे वर्षअखेरीला तालुक्यात चोऱ्या कमी झाल्याचं आपणच भाषणात सांगणार!

मुंबई-गोवा महामार्ग 2011 पासून चौपदरी होतोय. तो होत नाही, आमची पाणंद मात्र आठवड्यात रुंद होते. डांबराचं बिल निघतं, दोन खांबांत कोणाचं काय निघणार? इथं काम लोकांसाठी होतच नाही, कंत्राटासाठी होतं.

निधी नसेल तर वाडी वर्गणी काढेल. परवानगी तेवढी द्या. की तिचंही टेंडर निघायचंय?

आपला,
वाडीतला एक मतदार