आहार मोजणाऱ्या साधनांची कसोटी कशावर घासावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवसभरात काय खाल्ले याची नोंद केली की उष्मांक, प्रथिने आणि मिठाचे आकडे क्षणात दाखवणारी ऑनलाइन साधने आता संशोधकांपासून रुग्णांपर्यंत सगळेच वापरतात. ते आकडे कितपत खरे आहेत हे तपासण्याची रीत मात्र बहुधा अपुरी असते, म्हणून हे पत्र.

मी आहारतज्ज्ञ आहे. अशाच एका साधनात स्वतःचे जेवण नोंदवताना मी ‘तेल, एक चमचा’ हा पर्याय निवडला. साधनाने ते ५ ग्रॅम धरले. रोजच्या वापरातला तोच चमचा भरून वजनकाट्यावर तेल ओतले, तर ते ११ ग्रॅम भरले. चरबीच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरल्या तर एका चमच्यामागे ५४ किलोकॅलरींची तूट येते, आणि दिवसाला असे तीन चमचे झाले की ती दीडशेच्या वर जाते. मी काही लपवले नव्हते, विसरलेही नव्हते.

नवे साधन तपासताना बरेचदा त्याच व्यक्तीला मुलाखतकार आदल्या २४ तासांचा आहार विचारतो आणि दोन्ही आकडे जुळले की साधन अचूक ठरवले जाते. पण दोन्हीकडे उत्तर देणारी स्मृती एकच असते. जाता-येता तोंडात टाकलेले जो साधनात नोंदवायला विसरतो, तो मुलाखतीतही ते सांगत नाही; मग दोन चुका एकमेकींशी जुळतात आणि त्या जुळणीलाच आपण अचूकता म्हणतो.

स्मृतीवर न विसंबणाऱ्या कसोट्या उपलब्ध आहेत. वजन स्थिर असेल तर खाल्लेली आणि खर्च झालेली ऊर्जा जवळपास सारखी असते. ड्यूटेरियम (हायड्रोजनचे जड रूप) आणि ऑक्सिजन-१८ (ऑक्सिजनचे जड रूप) असलेले पाणी प्यायला देऊन पुढील एक-दोन आठवडे मूत्रातील त्यांचे प्रमाण कसे घटते हे पाहिले की हा खर्च काढता येतो. प्रथिनांसाठी २४ तासांच्या मूत्रातील नत्र मोजतात, कारण प्रथिनांत नत्र असते आणि आहारातील सुमारे ८० टक्के नत्र त्याच वाटेने बाहेर पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४८४ जणांवर केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओपन’ अभ्यासात हीच कसोटी लावली, तेव्हा २४ तासांच्या आहाराच्या विचारणेत पुरुषांनी १२ ते १४ टक्के, तर स्त्रियांनी १६ ते २० टक्के ऊर्जा कमी सांगितल्याचे आढळले. कोणता पदार्थ किती वेळा खाल्ला जातो हे विचारणाऱ्या प्रश्नावलीत ही तूट ३१ ते ३८ टक्क्यांपर्यंत गेली होती.

ही तपासणी खर्चिक आहे, हे मला मान्य आहे; पण सर्वांची नाही तरी काही सहभागींची ती करता येते. शिवाय केवळ सहसंबंधाचा, म्हणजे दोन मोजमापे किती सोबतीने वाढतात-घटतात हे दाखवणारा, आकडा देणे पुरेसे नाही. सगळ्यांनीच पाव हिस्सा आहार कमी नोंदवला तरी सहसंबंध उत्तम दिसू शकतो, हे ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८६ मधील प्रसिद्ध लेखापासून सर्वांना ठाऊक असायला हवे. सरासरी फरक किती आणि व्यक्तिगणिक तो किती पसरलेला आहे, हे सांगितले पाहिजे. साधन पडद्यावर सहज बोटे चालवणाऱ्या तरुणांवरच तपासले की ज्येष्ठांवरही, हेही कळायला हवे.

अशा साधनांतून निघालेल्या निष्कर्षांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात, तेव्हा मूळ साधन कोणावर आणि कशाच्या तुलनेत तपासले होते, याची एक ओळ बातमीत द्यावी, ही विनंती.

आपली,
एक आहारतज्ज्ञ वाचक