चांदीच्या थरावरचा वर्णपट जपून वाचा

महोदय,

कणभर नमुन्याच्या अवरक्त वर्णपटासाठी (पदार्थ कोणते अवरक्त किरण शोषतो याचा आलेख, त्यावरून पदार्थ ओळखतात) धातूचा पातळ थर वापरण्याविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. मात्र लेख वाचून हा थर म्हणजे नमुन्यावर धरलेलं भिंग आहे, असा समज होतो. भिंग चित्र मोठं करतं. हा थर चित्र बदलतोही. न्यायसाहाय्यक तपासणीत किंवा औषधांच्या चाचणीत हा फरक महागात पडू शकतो.

हार्टस्टाइन, कर्टली आणि त्सांग यांनी १९८० मध्ये हा परिणाम प्रथम नोंदवला. चांदी किंवा सोन्याचा थर अखंड नसून सुट्या सूक्ष्म बेटांचा असला, तर बेटांमधल्या फटींत विद्युतक्षेत्र एकवटतं आणि तिथल्या रेणूंचं शोषण साधारण दहा ते हजार पट वाढतं. हे क्षेत्र पृष्ठभागापासून जेमतेम दहा नॅनोमीटरपर्यंत पोचतं. नमुना त्याहून जाड साचला, तर वरच्या भागाला काहीच लाभ नाही.

त्यामुळे आधी हिशेब करावा. लिटरला १० मिलिग्रॅम तीव्रतेच्या द्रावणाचा १ मायक्रोलिटर थेंब म्हणजे १० नॅनोग्रॅम पदार्थ. तो ३ मिलिमीटर व्यासात सारखा पसरला, तर थर साधारण १ नॅनोमीटर जाडीचा होतो, म्हणजे अगदी हवा तसा. अडचण एवढीच की थेंब सारखा वाळत नाही. पदार्थ कडेला वर्तुळात गोळा होतो आणि किरण मधल्या रिकाम्या जागेवर पडतो. लवकर उडणारा द्रावक घ्यावा, थेंब एकदम न टाकता थोडा थोडा सोडावा आणि किमान तीन जागी मोजावं.

खरी मेहनत थर बनवण्यात आहे. निर्वातात चांदी सेकंदाला ०.०१ ते ०.०५ नॅनोमीटर इतक्या संथ गतीने बसवावी आणि ६ ते १० नॅनोमीटरवर थांबावं. जाडी दाखवणारा क्वार्ट्झ स्फटिक प्रत्यक्षात वस्तुमान मोजतो, बेटांची उंची नव्हे. म्हणून शेजारी काचेचा एक साक्षी तुकडा ठेवावा, म्हणजे त्यावरही तोच थर बसतो. त्यावर मल्टिमीटरची दोन टोकं टेकवली आणि वाचन अनंत आलं, तर बेटं सुटी आहेत. रोध एकदम घसरला, तर बेटं जुळली. अशा जुळलेल्या थरावर पीक (आलेखातला शोषणाचा उंचवटा) सरळ उभं राहत नाही. एका बाजूला खाली बुडतं, दुसऱ्या बाजूला वर येतं. हा उपकरणाचा बिघाड नव्हे, आणि बेसलाइन (आलेखाची आधाररेषा) दुरुस्तीच्या बटणाने तो झाकूही नये. (मल्टिमीटरची टोकं मूळ थरावर टेकवू नयेत, ओरखडा पडतो.)

आता वर्णपट कसा बदलतो ते पाहा. यासाठी पॅरा-नायट्रोबेंझोइक आम्ल हा नेहमीचा चाचणी पदार्थ आहे. चांदीवर बसताच त्याचा प्रोटॉन जातो आणि कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचं) १६९० प्रति सेंटीमीटरच्या (वर्णपटातली जागा सांगणारं एकक) आसपासचं पीक नाहीसं होतं. त्याऐवजी १३९० च्या सुमारास कार्बोक्सिलेटचं (प्रोटॉन गेलेल्या आम्ल गटाचं) आणि १३५० ला नायट्रो गटाचं सममित पीक ठळक दिसतं. नायट्रोचं १५२० जवळचं असममित पीक मात्र फिकं पडतं, कारण धातूच्या पृष्ठभागाला लंब दिशेने द्विध्रुव (रेणूतल्या धन-ऋण भारांची विभागणी) बदलणारी कंपनंच इथे वाढतात. असा वर्णपट संगणकातल्या साध्या वर्णपटांच्या संग्रहाशी जुळवला, तर उत्तर चुकीचं येणारच. तुलना त्याच धातूवर घेतलेल्या प्रमाण नमुन्याशी हवी.

बॅकग्राउंड (नमुन्याविना घेतलेला तुलनेचा वर्णपट) त्याच थराचा घ्यावा, थर ज्यावर बसवतात त्या कोऱ्या स्फटिकाचा नव्हे. त्यानंतर केवळ द्रावक टाकून ब्लँक (नमुन्याविना चाचणी) घ्यावा. द्रावकाने बेटं सरकतात. क्लोराइड असलेल्या पाण्यात चांदी तर विशेषच बदलते. २८५० आणि २९२० ला दिसणारी पिकं बहुधा हातांच्या तेलाची किंवा पंपाच्या वाफेची असतात आणि १२६० जवळचं टोकदार पीक सिलिकॉन ग्रीसचं. नमुन्याचं शोषण वाढतं तसं मळाचंही वाढतं. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, म्हणून थर त्याच दिवशी वापरावा.

सोनं टिकतं, पण पकड सैल. टिश्यूने पुसलं की निघून जातं. सिलिकॉनच्या स्फटिकावरचं सोनं अम्लराजाने (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) काढता येतं. झिंक सेलेनाइडच्या स्फटिकावर मात्र तो प्रयोग चुकूनही करू नये: स्फटिक तर खराब होतोच, शिवाय हायड्रोजन सेलेनाइड हा विषारी वायू सुटू शकतो.

राहिला प्रश्न किती पदार्थ आहे हे सांगण्याचा. दोन थरांवर शोषणात होणारी वाढ सारखी नसते. एकाच थराच्या दोन कोपऱ्यांतही ती वेगळी निघते. नमुन्यातच माहीत असलेल्या प्रमाणात अंतर्गत मानक (तुलनेसाठीचा दुसरा पदार्थ) मिसळलेलं नसेल, तर अहवालात ‘आढळला’ इतकंच लिहावं, आकडा देऊ नये.

आपला,
एक वाचक