पायाच्या जखमेला मलम पुरत नाही

संपादक महोदय,

घोट्याच्या वर, आतल्या बाजूला महिनोन्‌महिने न भरणारी जखम घेऊन अनेक जण दवाखान्याच्या फेऱ्या मारतात. दिवसभर उभ्याने काम करणारे आचारी, वाहतूक पोलीस, दुकानातले नोकर त्यांत बरेच. मलमे आणि अँटिबायोटिक बदलत राहतात, पण मूळ दुखणे बहुतेकदा शिरांमधल्या झडपांचे असते. त्या निकामी झाल्या की रक्त पायात साचते, सूज येते आणि कातडी फुटते.

यावरचा मुख्य उपचार म्हणजे दाबपट्टी. ती बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधायची. घोट्याजवळ दाब सर्वाधिक, साधारण ४० मि.मी. पारा, आणि वर कमी होत गेलेला. हे हाताचे कसब आहे, ते परिचारिकांना शिकवावे लागते. पट्टी बांधण्याआधी डॉप्लर या रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्राने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून पाहायलाच हवा. धमनी अरुंद असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय गमवायची वेळ येऊ शकते. मधुमेही रुग्णांत तर धमन्या कडक झाल्याने या तुलनेचा आकडाही फसवतो.

जखम भरली की रुग्ण सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि दाबमोजे वापरत नाही. मग ती पुन्हा उघडते. मोजे महाग पडतात, हेही खरे.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात छोटा डॉप्लर, प्रशिक्षित परिचारिका आणि सवलतीत मोजे द्यावेत, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा