एसीचा वारा येत नाही म्हणजे गॅस संपला असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या गाड्यांच्या पुरवणीत नवीन मॉडेल, मायलेज, फीचर्स सगळं येतं आणि मी ते आवडीने वाचतोही, पण आहे त्या गाडीत काही बिघडलं तर काय बघायचं हे कधीच येत नाही, म्हणून हे पत्र. विषय ब्लोअरचा, म्हणजे डॅशबोर्डमधून वारा फेकतो तो पंखा.

माझ्या गाडीत नॉब एक, दोन, तीनवर ठेवला की चिडीचूप आणि चारवर टाकला की एकदम सोसाट्याचा वारा. गॅरेजवाल्याने गाडीत न बसताच सांगून टाकलं, गॅस संपलाय. अहो, गॅस संपला तर वारा गार येणार नाही, पण येईल तर खरा! एसीचं बटण बंद करून नुसता फॅन लावला तरी तेच, हीटरला तेच, कारण पंखा दोन्हीला एकच असतो. एवढं तर कोणीही सीटवर बसल्या बसल्या बघू शकतो.

खालचे स्पीड मेले आणि सगळ्यात वरचा चालू, तर दहातल्या नऊ वेळा रेझिस्टर, म्हणजे पंख्याचा करंट कमी करणारा छोटा भाग, गेलेला असतो. खालच्या स्पीडला करंट या रेझिस्टरच्या कॉइलमधून जातो म्हणून पंखा हळू फिरतो, फुल स्पीडला मात्र त्याला बाजूला ठेवून सप्लाय थेट मोटरला मिळतो. म्हणजे चारवर वारा येतोय याचा अर्थ मोटर जिवंत आहे, आणि तरी लोकांना अख्खी मोटर बदलायला लावतात.

माझा रेझिस्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे होता, दोन स्क्रू काढले की हातात. पण त्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लास्टिकचा प्लग, काही निघेना. हलवून हलवून काढला तेव्हा दिसलं, एका पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन पघळलेलं. मी शहाणा, नवीन रेझिस्टर त्याच जळक्या कपलरला लावला आणि महिनाभरात परत बोंब.

दुसऱ्यांदा मात्र मोटरच खाली उतरवली. पंखा बोटाने फिरवून बघितला तर सुटा फिरायच्या ऐवजी जड जात होता, बेअरिंग सुकलेलं, आणि पात्यांमध्ये वाळक्या पानांचा चुरा. जड मोटर जास्त करंट ओढते, त्याने रेझिस्टर आणि कपलर दोन्ही तापतात, आणि त्यात एसीचा फिल्टर चोंदलेला असेल तर संपलंच, कारण रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेतच बसवलेला असतो, त्याच वाऱ्याने तो थंड राहतो. मी मोटर, रेझिस्टर आणि कपलर तिन्ही बदलले, फिल्टरही नवा टाकला, तेव्हा कुठे सुटलो.

चारही स्पीड बंद असतील तर गोष्ट वेगळी. आधी फ्यूज, मग रिले (मोटरचा सप्लाय चालू-बंद करणारा छोटा स्विच), मग व्होल्टेज मोजायच्या मल्टीमीटरने मोटरच्या कपलरवर सप्लाय बघायचा, पण कपलर लावलेला ठेवून मागच्या बाजूने, कारण काढलेल्या कपलरवर जळकी पिनसुद्धा छान १२ व्होल्ट दाखवते आणि मोटरचा लोड आला की व्होल्टेज पडतं. लावलेला असताना पूर्ण १२ व्होल्ट येतायत, अर्थिंगची वायर नीट आहे आणि तरी मोटर गप्प, तर मोटर गेली. मोटरच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर चालू झाली तर मोटरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजलेत, आज चालेल उद्या बंद पडेल.

एका गोष्टीचा फार राग येतो. रेझिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज असतो, जास्त तापलं की सप्लाय तोडणारा, तो उडाला की काही लोक तिथे सरळ वायर जोडून देतात, नाहीतर मोठ्या अँपिअरचा फ्यूज ठोकतात. पंखा फिरतो, गिऱ्हाईक खूश. आणि डॅशबोर्डच्या आत वायरिंग तापत राहतं, ते कोणाला दिसतंय? आग लागू शकते हो त्याने.

हे सगळं नॉबच्या गाड्यांचं झालं. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांमध्ये बहुधा रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे माझं एक-दोन-तीन-चारचं गणित लागू पडत नाही. त्यावर पुरवणीत एखाद्या जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून लिहून घ्याल का? फोटोंसकट दिलंत तर फारच बरं.

आपला,
एक नियमित वाचक