बाणस्तारीच्या पुलावर बंद पडलेल्या गाडीबद्दल कृतज्ञतापूर्वक

आदरणीय भाई,
सप्रेम नमस्कार.

त्या रविवारी सकाळी आपण आमच्या अंगणात तीन तास उभे राहिलात आणि निघताना चहाखेरीज काहीही घेतले नाहीत. आपण मला काय दिलेत हे त्या दिवशी शब्दांत सांगता आले नव्हते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आईच्या तपासण्यांसाठी फोंड्याहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) वारंवार जावे लागते, हे आपणास ठाऊक आहेच. मे महिन्यापासून आमची पेट्रोल गाडी थांबली की थरथरू लागे, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा ५०० ते ९०० यांच्यामध्ये वरखाली होई आणि एके सकाळी, पुढे बसची रांग आणि मागे हॉर्नचा गोंगाट असताना, ती बाणस्तारीच्या पुलावर बंद पडली. शेजारी बसलेल्या आईने माझा हात घट्ट धरला होता. त्यानंतर प्रत्येक सिग्नलला मी न्यूट्रलमध्ये रेस देत उभी राहू लागले. एका गॅरेजात स्पार्क प्लग आणि इंधनाचा फिल्टर बदलून झाले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) धुऊन झाली, चेक इंजिनचा दिवाही पुसून दिला गेला. चार दिवसांनी तो पुन्हा लागला आणि या वेळी संपूर्ण थ्रॉटल बॉडी बदलण्याचा सल्ला मिळाला. तो खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता.

आयटीआयमध्ये इतकी वर्षे शिकवून निवृत्त झालेले आपण आलात ते हातात लहानसा स्कॅनर घेऊन. स्टिअरिंगखाली डाव्या हाताला असलेला सोळा पिनांचा सॉकेट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून नव्या गाड्यांना आणि आपल्याकडे १ एप्रिल २०१३पासून बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःचे दोष नोंदवण्याची व्यवस्था सक्तीची झाली, म्हणजे गाडी स्वतःची तक्रार सांगायला केव्हाच तयार होती, आम्ही विचारत नव्हतो, हे आपले म्हणणे मला फार लागले. गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड वाचून, वहीत उतरवून झाल्याखेरीज तो पुसायचा नाही, हा आपला पहिला धडा. कोडसोबत गाडीने जपून ठेवलेली त्या क्षणाची नोंदही आपण दाखवलीत: वेग शून्य, आरपीएम ६९०, कूलंट ८८ अंश. गॅरेजात दिवा पुसला तेव्हा अशीच नोंद वाया गेली असणार.

कोड होता पी ०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. मी लगेच विचारले, मग कोणता भाग बदलायचा? त्यावर, कोड हा तापासारखा असतो, तो आजाराचे नाव सांगत नाही, असे म्हणून आपण चालू इंजिनाचे आकडे उघडलेत. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी संगणक नेहमीपेक्षा किती इंधन वाढवतो किंवा कमी करतो, तो हिशेब म्हणजे फ्युएल ट्रिम. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, अल्पकालीन (त्या क्षणाची दुरुस्ती) ९ आणि दीर्घकालीन (संगणकाने शिकून ठेवलेली) १८ मिळून अधिक २७ टक्के दिसत होते. आपण मला २,५०० आरपीएमवर पाय स्थिर ठेवायला सांगितलेत, तेव्हा तीच बेरीज ६ टक्क्यांवर उतरली.

त्या दोन आकड्यांत सगळे उत्तर होते. पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलेला असता, तर वेग आणि भार वाढला की तूट वाढली असती. इथे ती कमी होत होती. हवा कुठल्या तरी फटीतून सेन्सरला चुकवून आत शिरत होती. आयडलिंगला इंजिन घेते तीच हवा थोडी, म्हणून तिथे ती फट मोठी ठरते आणि रेस दिल्यावर किरकोळ होते. फर्मागुडीचा चढ गाडी विनातक्रार का चढते आणि वर जाऊन थांबली की का थरथरते, या माझ्या जुन्या कोड्याचा उलगडाही त्यातच झाला.

मग आपण साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली मागितलीत. तापलेल्या इंजिनावर पेट घेणारा स्प्रे कधीही मारायचा नाही, हे आपण दोनदा बजावलेत. तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही: पीसीव्हीच्या (इंजिनातले वायू पुन्हा आत ओढून घेणाऱ्या व्यवस्थेच्या) रबरी नळीच्या वळणाखाली, आरशाशिवाय दिसणारही नाही अशा जागी, पाण्याचा बुडबुडा आत ओढला गेला. आपण माझा अंगठा तिथे दाबायला लावलात, आणि स्क्रीनवरचा अल्पकालीन आकडा ९ वरून झपाट्याने शून्याखाली गेला. इंजिनाची थरथर माझ्या बोटाखाली थांबली.

भाई, दोष आपल्याला आधीच कळला होता, हे मला नंतर उमगले. आपण स्वतः पाच मिनिटांत नळी काढू शकला असता. तरीही एका शाळामास्तरणीला तो अंगठ्याने शोधू दिलात, कारण उद्या बांबोळीच्या वाटेवर आपण सोबत नसाल. हे उपकार नळीच्या किमतीत मोजता येणार नाहीत.

नवी नळी बसवून आज तीन आठवडे झाले. आपण सांगितल्याप्रमाणे मी दर दोन दिवसांनी आकडे लिहून ठेवले: दीर्घकालीन ट्रिम १८ वरून ११, मग ५, आणि आता ३ वर स्थिर आहे, एसी बंद असताना इंजिन ७२० आरपीएमवर शांत चालते. गेल्या मंगळवारी बाणस्तारीच्या पुलावर दहा मिनिटे वाहने अडली होती आणि आई शेजारी झोपली होती.

जुनी नळी टाकून देऊ नका, मुलांना दाखवायला लागेल, असे आपण म्हणाला होता. ती धुऊन, चिरेच्या जागी खडूने खूण करून, वहीतल्या आकड्यांच्या प्रतीसह सोबत पाठवत आहे. स्कॅनर मात्र आणखी आठवडाभर ठेवून घेण्याची परवानगी असावी. शेजारच्या वहिनींच्या गाडीचाही दिवा लागला आहे, आणि कोड मी अजून पुसलेला नाही.

आपली कृतज्ञ,
फोंड्याची एक शिक्षिका